नाटक कोण बंद पाडतो?



वसंत व्याख्यानमालेत नाटकावर बोलावयाचे झाले, तर एखादा नट बोलावतात, नाटककार बोलावतात, ते न मिळाले तर एखादे प्राध्यापक तरी बोलावतात. यंदा चालकांनी कामगार संघटनेत केस पिकवलेल्या माणसाला बोलावले, तेव्हा आम्ही त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘‘विषय नाटके बंद पाडण्याचा आहे, आणि बंद पाडण्यातले तुमच्याइतके कोणाला कळते?’’

बोलणे थट्टेचे होते, पण आम्हांला ते पटले. काम बंद पाडणे हे एक शास्त्र आहे. संप करावयाचा तर आधी मागण्या लिहून द्याव्या लागतात, नोटीस द्यावी लागते, सभासदांचा कौल घ्यावा लागतो. आणि फाटकावर उभे राहून आत जाणाऱ्याला हात जोडून समजवावे लागते, त्याचे डोके फोडावयाचे नसते. हे सारे सांभाळून जो संप होतो त्यालाच आम्ही संप म्हणतो. एरवी त्याला दंगा म्हणतात, आणि दंग्याचा फायदा मालकाला होतो. म्हणून दुसरे कोणी काही बंद पाडू लागले, की ते कसे पाडतात, कोणाच्या नावाने पाडतात, आणि बंद पडल्यावर चूल कोणाची विझते, हे पाहण्याची आम्हांला खोडच लागली आहे. आज त्याच नजरेने नाटकाच्या इतिहासाकडे पाहावयाचे आहे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही, ते वाचनालयांत झाले. तेव्हा सनावळीत आम्ही सावध राहू, मतांत राहूच असे नाही.

आधी एक दूरदेशीचे उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या धंद्याचे आहे. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डन नावाचे मोठे नाटकगृह होते. ते १८०८ साली जळाले. मालकांनी ते नव्याने बांधले आणि १८०९ च्या सप्टेंबरात शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ने उघडले. बांधकामाचा खर्च काढण्यासाठी त्यांनी दर वाढवले. बॉक्सचे सहा शिलिंग होते त्याचे सात केले, पिटचे साडेतीन होते त्याचे चार केले. वर, एक अख्खा मजला श्रीमंतांना भाड्याने देण्याच्या खाजगी बॉक्ससाठी अडवला, आणि गरिबांची गॅलरी इतकी उंच नेली की तेथून नटांचे म्हणे पायच दिसत. पहिल्याच रात्री पडदा उघडला आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा सुरू केला : जुना दर, जुना दर! खुळखुळे, घंटा, शिट्ट्या. रंगमंचाकडे पाठ करून उभे राहणे. बाकांवर ठेका धरून नाचणे. केंबल हा नट त्या नाटकगृहाचा व्यवस्थापक होता. त्याने जमाखर्च तपासण्यासाठी मोठमोठ्या लोकांची एक समिती नेमली. समितीने अहवाल दिला की नफा फार थोडा आहे. लोकांनी तो मानला नाही. (समिती मालकाने नेमलेली असली की लोक मानत नाहीत, हे आम्ही आजही पाहतो.) मग केंबलने मेंडोझा नावाचा नामांकित मुष्टियोद्धा आणि त्याची माणसे पिटात आणून बसवली. आमच्या भाषेत याला संपफोडे म्हणतात. त्यानेही काही साधले नाही. असे ६७ रात्री चालले, आणि अखेर केंबलने माफी मागितली. पिटचा दर पुन्हा साडेतीन झाला, खाजगी बॉक्स कमी झाले, पण बॉक्सचे सात शिलिंग तसेच राहिले. म्हणजे शेवटी तडजोड झाली. तशीच होत असते.

या दंगलीत तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ओरडणारे लोक तिकीट काढून आत बसलेले होते. त्यांची मागणी काय आहे ते कोणालाही एका वाक्यात सांगता येत होते. आणि ते नाटकगृह बंद व्हावे असे त्यांतल्या कोणालाही वाटत नव्हते. त्यांना उलट त्यात परवडणाऱ्या दरात बसावयाचे होते. हे माप हातात घेऊन आपण आपल्या देशात येऊ.

आपल्याकडे नाटकाचा धसका पहिल्यांदा सरकारने घेतला तो बंगालमध्ये. निळीच्या मळेवाल्या साहेबांचा जुलूम दाखवणारे ‘नीलदर्पण’ हे दीनबंधु मित्रांचे नाटक १८६० साली छापून आले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. १८७२ साली कलकत्त्यात ते तिकीट लावून रंगभूमीवर आले. त्यात मळेवाल्याचे काम करणाऱ्या नटाला विद्यासागरांनी संतापाने चप्पल फेकून मारली आणि त्याने ती बक्षीस म्हणून कपाळी लावली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती. पण नटी बिनोदिनी दासी यांनी आपल्या आठवणींत लखनौच्या प्रयोगाची हकीकत लिहिली आहे, ती तशीच बोलकी आहे. शेतकरी मळेवाल्याला तुडवतो तो प्रवेश आला आणि प्रेक्षकांतले गोरे सोजीर तरवारी उपसून रंगमंचावर चढले. म्हणजे एक प्रेक्षक दुष्टाला चप्पल मारतो आणि दुसरा प्रेक्षक त्याच दुष्टाच्या मदतीला धावतो. नाटक दोघांनाही खरेच वाटले होते.

यानंतर सरकारने १८७६ साली कायदाच केला. नाट्यप्रयोगांचा तो कायदा. राजद्रोही, बदनामीकारक किंवा अश्लील वाटेल तो प्रयोग मनाई हुकूम काढून बंद करावयाचा. प्रेक्षकांनी ओरडावयाचे कामच उरले नाही. हाच कायदा पुढे चौतीस वर्षांनी महाराष्ट्रात ‘कीचकवधा’वर येऊन आदळला.

‘कीचकवध’ १९०७ सालचे. कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’तले लेखक. प्रयोग महाराष्ट्र नाटक मंडळीचे. कथा विराटपर्वातली, सर्वांना ठाऊक असलेली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी झालेली, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. धर्मराज म्हणतो थांबा, भीम म्हणतो आता थांबणे नाही. प्रेक्षकांना कोणी टीप देण्याची गरज नव्हती. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे आपला देश, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. विद्वानांनी हे रूपक पुष्कळ उलगडले आहे. आम्हांला त्यात आणखी एक दिसते, ते विद्वान फारसे सांगत नाहीत. सैरंध्री ही पगारी बाई आहे. मालकिणीचा भाऊ तिला मागतो, मालकीण ‘जा’ म्हणते, मालक मान खाली घालून बसतो, आणि तिचे स्वतःचे लोक जवळ असून नोकरी जाईल म्हणून गप्प राहतात. ही हकीकत समजावयाला महाभारत वाचावे लागत नाही आणि ‘केसरी’ही वाचावा लागत नाही. पिटातल्या माणसाला ती घरची वाटली असली पाहिजे.

मधल्या काळात काय झाले पाहा. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. गोळीबारात माणसे पडली. संघटना नव्हती, कचेरी नव्हती, पावतीपुस्तक नव्हते. तरी गिरण्या थांबल्या. १९०९ च्या डिसेंबरच्या २१ तारखेला नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. तेथे प्रयोग ‘शारदा’चा होता. म्हाताऱ्याला मुलगी विकू नये असे सांगणारे ते नाटक. त्याचा राजकारणाशी काय संबंध? पण सरकारला आता नाटकगृहाचाच वास नकोसा झाला असावा. १९१० साली ‘कीचकवध’ बंद झाले आणि पुस्तकही जप्त झाले.

या बंदीत एक गंमत आहे. सरकारी नाटकबंदी ही नेहमी कबुलीजबाबासारखी असते. महाभारतातला कीचक मेला तर विलायतेच्या सरकारला दुःख होण्याचे कारण नाही. ते झाले, याचा अर्थ कीचक आम्हीच, असे सरकारने सहीशिक्क्यानिशी लिहून दिले. खाडिलकरांना एवढी दाद कुठल्याही टीकाकाराने दिली नसेल.

त्याच १९०७ सालच्या जानेवारीत आयर्लंडमध्ये डब्लिन येथे सिंग या नाटककाराचे एक नाटक आले आणि प्रेक्षकांनी ते कित्येक रात्री ऐकू दिले नाही. ओरडणारे इंग्रजांचे बगलबच्चे नव्हते, आयरिश देशभक्तच होते. बापाला मारले असे सांगणाऱ्या पोराला खेड्यातल्या बाया डोक्यावर घेतात, आणि संवादात बायकांच्या आतल्या कपड्याचा एक शब्द येतो. तेवढ्याने आमच्या आयाबहिणींची बेअब्रू झाली, असे त्यांचे म्हणणे. नाटकगृहाचे चालक कवी येट्स यांनी पोलीस बोलावले. हे आम्हांला आवडत नाही. पण पुढे त्यांनी जे केले ते आवडते : प्रयोगांचा आठवडा संपल्यावर त्याच नाटकगृहात जाहीर वादसभा भरवली आणि स्वतः शिव्याशापांसमोर उभे राहिले. पुण्यात राज्यकर्त्यांना देशभक्ताचे नाटक नको होते, डब्लिनात देशभक्तांना आपल्याच माणसाचे नको होते. दुसऱ्या जातीचा विरोध आपल्याकडे पोहोचावयाला पुढे पासष्ट वर्षे लागली.

पण तिकडे जाण्याआधी, ज्या नाटकांवर दंगाच झाला नाही त्यांच्याविषयी बोलले पाहिजे. कारण त्यांना दंगा होण्याइतकीही जागा कोणी दिली नाही.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. एक कुणबी, त्याची गर्भार बायको, आणि ग्रहांची भीती घालून त्यांच्या घरातले दाणे-पैसे उपटणारा जोशी. मध्ये मध्ये विदूषक बोलतो, पाद्री बोलतो, आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेला निघतात. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नापसंत केले. झाले. ना घोषणा, ना दगड, ना पोलीस. ते नाटक छापून लोकांसमोर आले १९७९ साली! १२४ वर्षे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी नाटक सुरू केले, त्यानंतर बाराच वर्षांनी मराठीत कुणब्याच्या घरातले नाटक तयार होते. पण मराठी रंगभूमी देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची नाटके करीत राहिली. ‘कीचकवधा’च्या बंदीवर पुस्तके झाली, या बंदीचे नाव आमच्या पोरांना ठाऊक नाही. आम्हांला विचाराल तर मराठी रंगभूमीच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी बंदी हीच.

दुसरे उदाहरण तर आपल्या शेजारचे. घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडपट्टी येथून दूर नाही. अण्णा भाऊ साठे तेथे राहिले, तेथेच त्यांनी लिहिले. १९४४ साली त्यांनी, अमर शेख यांनी आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या चौकात, मैदानात त्यांचे प्रयोग होत. ‘माझी मुंबई’ हे त्यांचे वगनाट्य. मुंबई कोणाची, तिच्यात घाम गाळणाऱ्याची की तिच्यावर पैसा लावणाऱ्याची, हा त्याचा झगडा. काँग्रेस सरकारने त्यावर बंदी आणली. त्या काळी तमाशावरही सरकारची वक्रदृष्टी झाली होती. तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव दिले, असे सांगतात. नाव बदलले, खेळ चालू राहिला. कायद्याला शब्द कळतात, ढोलकी कळत नाही.

आणि कामगारांच्या नाटकाविषयी बोलताना सफदर हाश्मीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत, १९८९ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला, ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू होते. रस्त्यावर, कामगारांसमोर, भोंगा नाही की पडदा नाही. राजकीय गुंडांची टोळी आली, लाठ्याकाठ्या चालल्या. राम बहादुर नावाचा कामगार तेथेच मारला गेला. सफदर दुसऱ्या दिवशी गेला, वय चौतीस. चार तारखेला त्याची पत्नी मलयश्री आणि त्यांचे जन नाट्य मंच त्याच जागी परत गेले आणि अर्धे राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. आम्ही तेव्हा ऐन तारुण्यात होतो. आमच्या पिढीच्या कित्येक कार्यकर्त्यांनी त्या आठवड्यात आयुष्यातले पहिले पथनाट्य केले. ते नाटक म्हणून फार बरे होते असे म्हणवत नाही.

आता सत्तरच्या दशकाकडे वळू. विजय तेंडुलकर या एका लेखकाच्या तीन नाटकांनी दोनतीन वर्षांत महाराष्ट्र हलवून सोडला. १९७० साली ‘गिधाडे’ आले. दिग्दर्शक श्रीराम लागू. भावाभावांच्या, बापलेकांच्या हव्यासाचे उघडेनागडे नाटक. त्यात गर्भपात झालेल्या बाईच्या लुगड्यावर मागे रक्ताचा डाग दिसे. परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा लागूंनी तो डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी निवेदन करू लागले की मंडळाच्या आज्ञेवरून डाग निळा आहे, प्रेक्षकांनी तो लाल समजावा. याला आम्ही ‘नियमानुसार काम’ म्हणतो. वरिष्ठांचा हुकूम अक्षरशः पाळला की वरिष्ठांची कशी शोभा होते, हे सरकारी कार्यालयातल्या कोणत्याही कारकुनाला विचारा.

१९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. थोडेच प्रयोग झाले आणि मंडळाने बंदी घातली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाटक अश्लील, विवाहसंस्थेवर घाला, अशी ओरड झाली. येथेही आम्ही आमच्या चष्म्यातून पाहणार. सखाराम हा छापखान्यातला बाइंडर. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तके शिवतो, स्वतः कोणत्याच पुस्तकात नसतो. टाकलेल्या बायका घरी आणतो, त्यांना राबवतो, आणि त्यांच्यासमोर आपण किती सरळ माणूस ते सांगत बसतो. मालकाखाली भरडला जाणारा माणूस घरी येऊन स्वतः मालक होतो, ही गोष्ट आम्ही संघटनेच्या व्यासपीठावरून सांगू शकलो नाही, कारण सभासदांना राग येतो. नाटकाने ती सांगितली. विवाहसंस्थेचे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला घरात तोंड लपवावेसे वाटेल, असे मात्र ते नाटक आहे.

त्याच वर्षी डिसेंबरच्या १६ तारखेला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणीस मोहन आगाशे. आक्षेप असा की नानांची बदनामी केली आणि पुण्याच्या ब्राह्मणांची केली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवले. म्हणजे टाळे बाहेरच्यांनी नाही, घरच्यांनी लावले. मग तरुण मंडळींनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली बर्लिनचे बोलावणे आले तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. परदेशात महाराष्ट्राची अब्रू जाईल म्हणून मंडळींना अडवण्याचे बेत झाले, आणि नटांना लपतछपत विमानतळ गाठावा लागला. तेथे मात्र प्रयोग गाजले.

खरा घाशीराम १७९१ साली पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, म्हणून लोक खवळले. नाटकातला नाना काय करतो? गरज असते तोवर घाशीरामाला कोतवाल ठेवतो, आणि गरज संपली की जमावाच्या हवाली करतो. नानांच्या चरित्रात हे कितपत खरे, याचा वाद इतिहासकारांनी करावा. पण वरच्यांनी एखादा गुंड पाळावा, त्याच्याकडून घाण कामे करून घ्यावीत, आणि दिवस फिरले की त्याला ओळखही देऊ नये, असे घाशीराम आमच्या गिरणगावाने आणि बंदराने पाहिलेले आहेत. कोणी सांगावे, विरोध करणाऱ्यांतल्या काहींना नानापेक्षा घाशीरामच जास्त झोंबला असेल.

येथवर तुम्ही माना डोलावल्यात. आता जरा अवघड जागी येऊ. आपल्याला आवडलेल्या नाटकावरची बंदी वाईट, हे म्हणणे सोपे आहे. १९९८ साली प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ आले. थोड्याच प्रयोगांत ते सरकारने बंद केले. २००१ साली उच्च न्यायालयाने ते खुले केले. आम्हांला ते नाटक मुळीच पटत नाही. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या मजुरीसाठी ज्याने उपास केला, त्याच्या छातीत गोळ्या झाडणारा रंगमंचावर आपली कैफियत मांडतो आणि लोक टाळ्या वाजवतात, हे आमच्या अंगाला लागते. आमच्यातले कित्येक सहकारी तेव्हा म्हणत होते, नाटकगृहावर मोर्चा न्या, पडदा उघडू देऊ नका. मोर्चा न्यावा, असे आमचेही म्हणणे होते आणि आहे. फलक धरावेत, पत्रके वाटावीत, आत जाणाऱ्याला हात जोडावेत. त्याला उत्तर देणारे नाटक लिहावे. प्रेमानंद गज्वी यांनी ‘गांधी-आंबेडकर’ लिहून दोन थोर माणसांना समोरासमोर उभे केले, तशा हिमतीचे. पण पडदा उघडू देऊ नका, हे आम्ही म्हणणार नाही. कारण पडदा खाली राहिला की त्या दिवशी आत काय म्हणणार होते ते कोणी ऐकत नाही, आणि न ऐकलेले बोलणे ऐकलेल्यापेक्षा भारी वाटू लागते. त्या नाटकाला बंदीनेच पुढे गर्दी मिळवून दिली, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी एखाद्या बुकिंग क्लार्कला विचारावे.

आणि दुसरे टोक पाहावयाचे तर ठाण्याला जा. २००८ च्या जूनच्या चार तारखेला गडकरी रंगायतनाच्या वाहनतळात स्फोट झाला. नाटक होते ‘आम्ही पाचपुते’, विनोदी. महाभारताची टिंगल केली, एवढा राग. त्याआधी काही दिवस वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही बॉम्ब ठेवलेला सापडला होता. नाट्यगृहाला नाव कोणाचे, आणि ठेवले काय! ठाण्यात माणसे जखमी झाली. लंडनच्या त्या सदुसष्ट रात्रींचे माप येथे लावून पाहा. तिकीट नाही, मागणी नाही, समोर उभे राहण्याची छाती नाही.

आता कायद्याकडे. १८७६ चा तो कायदा संसदेने रद्द केला, पण केव्हा? २०१७ च्या निरसन विधेयकाने. इंग्रज गेल्यावर सत्तर वर्षांनी. त्याने आपण मोकळे झालो काय? मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचे ३३ वे कलम काढून पाहावे. मिरवणुका आणि जमाव यांचे नियमन करण्याचे अधिकार ज्या कलमात आहेत, त्याच कलमाच्या पोटात नाटक, तमाशा, मेळा यांवर ताबा ठेवण्याचे अधिकार आहेत. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ त्याच मुळाचे झाड. संहिता आधी तपासून घ्यावयाची आणि मग प्रयोग. अमोल पालेकरांनी २०१६ साली याला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

माहुलकरांना हे कलम समजावून सांगण्याची जरुरी नाही. तानसा जलवाहिनीवरून उठवून ज्यांना येथे रिफायनरीच्या धुराड्यांखाली आणून टाकले, त्यांतल्या रहिवाशांनी २०१८ साली विद्याविहारच्या पदपथावर महिनोन्महिने ठिय्या दिला. पोलीस कायद्याचा कागद कसा दिसतो ते त्यांनी पाहिले आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की जो मोर्चेवाला पोलिसांना म्हणतो, ‘‘हे नाटक बंद करा, नाहीतर सुव्यवस्था बिघडेल,’’ तो आपल्याच मोर्चाच्या बंदीचा अर्ज भरून देत असतो. सुव्यवस्था बिघडवण्याची धमकी देणारा बाहेर मोकळा, आणि बंद कोण, तर आत तोंडाला रंग लावून बसलेला, हे पोलिसांनाही सोयीचे पडते. दगड मारणाऱ्या शंभरांना अडवण्यापेक्षा नाटक करणाऱ्या बारांना घरी पाठवणे सोपे.

शेवटची गोष्ट, आणि आम्हांला सर्वांत जवळची. नाटक बंद पडले की वर्तमानपत्रांत लेखकाचे नाव येते, नटाचे येते, पुढाऱ्याचा फोटो येतो. नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनेचा मदतनीस, कपडेपट सांभाळणारा, रंगभूषा करणारा, टेंपो हाकणारा, मध्यंतरात वडे आणि चहा विकणारा, यांचे कोठे काही येत नाही. पडद्यामागचा माणूस ‘नाईट’वर काम करतो. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. बहुतेकांना फंड नाही, विमा नाही, हजेरीचा कागदसुद्धा नाही. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका नाट्यगृहाबाहेर घोषणा चालू होत्या आणि प्रयोग रद्द झाला. आम्ही मागच्या दाराशी गेलो. दोन माणसे अर्धा लावलेला सेट पुन्हा उतरवत होती. लावण्याची मेहनत झाली होती, उतरवण्याची होत होती. ‘‘नाईट मिळणार काय?’’ असे विचारले, तर मोठा म्हणाला, ‘‘पडदा उघडला असता तर मिळाली असती.’’ बाहेर विजयाच्या घोषणा चालू होत्या. निर्मात्याने त्यांना टेंपोचे भाडे तेवढे दिले. त्या निर्मात्याचेही नुकसान झाले होते, हे कबूल. पण त्याला पुढच्या प्रयोगाला दुप्पट बुकिंग मिळणार होते, आणि या दोघांना पुढच्या प्रयोगाला एकच नाईट.

गिरणी बंद करताना आम्ही बदली कामगाराचा विचार आधी करतो, कारण त्याच्या घरी चार दिवसांचेही दाणे नसतात. नाटक बंद करणाऱ्यांपैकी कोणी आजवर मागच्या दाराशी जाऊन विचारपूस केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पडद्यामागच्या कामगारांची एक मागणी आहे, ती साधी आहे : बाहेरच्या गडबडीने प्रयोग रद्द झाला तरी त्या रात्रीची नाईट मिळावी, आणि ती कोणी द्यावयाची हे आधीच कागदावर असावे. तिच्यासाठी कोणी नाटकगृह जाळावयाला निघालेले नाही.

प्रश्नांसाठी चालकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. नथुरामाच्या नाटकाविषयी आमचे म्हणणे ज्यांना मान्य नाही, असे दोन्ही बाजूंचे लोक या मंडपात असतील. त्यांनी आधी विचारावे. कौतुक करणारे मागाहून बोलले तरी चालेल.